अंथरुणाचा इतिहास : जव्हार-मोखाड्याच्या थंडीनिमित्त

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ललितगद्याचा तास चालू होता आणि नेमलेला उतारा गोधडीवरचा होता. आजीच्या लुगड्याचे तुकडे, आईच्या हातचा धावदोरा आणि ठिगळांआड दडलेली माया या सामग्रीतून सिद्ध होणाऱ्या लेखनाचा मराठीत आता एक संकेतच होऊन बसला आहे. आम्हीही नेहमीच्या सरावाने फळ्यावर लिहिले, ‘गोधडी : दारिद्र्यातील उबेचे प्रतीक.’ तेव्हा मोखाडा तालुक्यातून शिकायला आलेला एक विद्यार्थी मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, “सर, आमच्या घरी गोधडी नव्हती. गोधडी शिवायला आधी जुनी लुगडी लागतात ना?”

मग काय होते, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “पेंढा. तोही बैलांनी ठेवला तर.”

वर्ग हसला, तोही हसला, आणि तास संपला. फळ्यावरचे वाक्य मात्र आमच्या मनातून पुसले गेले नाही. दारिद्र्याचे प्रतीक म्हणून आपण जे वस्त्र वर्षानुवर्षे शिकवत आलो, ते ज्यांच्या घरी कधी साठलेच नाही अशी माणसे आपल्याच वर्गात बसलेली असतात, ही जाणीव शिक्षकाला अस्वस्थ करणारी आहे. त्या अस्वस्थतेतून अंथरूण या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचा जो शोध घेतला, त्याचे हे टिपण.

दोन शब्द

अंथरूण आणि पांघरूण हे शब्द आपण जोडीनेच उच्चारतो. पण भाषेने या दोहोंना सारखे वागवलेले नाही. ‘पांघरूण घालणे’ म्हणजे कुणाचा दोष मायेने किंवा लबाडीने झाकणे. अंथरुणाच्या वाट्याला आलेले वाक्प्रचार पाहावेत. ‘अंथरूण धरणे’ म्हणजे आजारी पडणे, आणि ‘अंथरुणाला खिळणे’ म्हणजे त्या आजारातून न उठणे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण तर ऐपतीची मर्यादा सांगण्यासाठीच जन्मली. वर घ्यायच्या वस्त्राला मायेचा आणि अब्रूचा अर्थ मिळाला. खाली घालायच्या वस्त्राला व्याधीचा आणि उणिवेचा.

वाङ्मयातही हेच दिसते. कृष्णाच्या खांद्यावरची कांबळी संतांना रूपकासाठी पुरून उरली. शाल, शेला, उपरणे, गोधडी या सर्वांना कवितेत जागा मिळाली. पण माणूस ज्याच्यावर पाठ टेकतो, त्या पेंढ्याबद्दल, पाल्याबद्दल, सारवलेल्या जमिनीबद्दल आपण फारसे लिहिले नाही. गोधडीदेखील साहित्यात येते ती बहुधा पांघरण्यासाठी. ती खाली घालतात तेव्हा लेखकाची नजर तिच्यावरून उठलेली असते.

प्राचीनांनी ही उपेक्षा केलेली नव्हती. संस्कृतात अंथरुणाला ‘आस्तरण’ म्हणतात. पाली विनयग्रंथांतील ‘संथत’ हा शब्द त्याच धातूचा. संथत म्हणजे लोकर पसरून, दाबून केलेली बैठक. भिक्षूंसाठी तिचे स्वतंत्र नियम होते. नवी संथत करायची तर दोन भाग काळी लोकर, तिसरा भाग पांढरी आणि चौथा भाग तपकिरी घ्यावी. आणि एकदा केलेली संथत सहा वर्षे वापरावी. आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा हे बौद्धांचे मोठे केंद्र होते. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. ज्या परंपरेने अंथरुणातील लोकरीचे प्रमाणसुद्धा ठरवून दिले, ती या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके नांदली. घाटाच्या बाजूला, डोंगरात राहणाऱ्यांच्या अंथरुणाची नोंद मात्र कुणी ठेवली नाही.

थंडी खालून येते

थोडे पदार्थविज्ञान येथे अपरिहार्य आहे. ऊब वस्त्रात नसते; ती वस्त्राच्या तंतूंमध्ये अडकून पडलेल्या स्थिर हवेत असते. लोकर, कापूस, पिसे, पेंढा ही सारी हवा धरून ठेवण्याची साधने. वर घेतलेले पांघरूण फुगलेले राहते म्हणून ते ऊब राखते. खाली घातलेल्या थरावर मात्र माणसाचे सारे वजन पडते. थर दाबला जातो, हवा निघून जाते आणि अंगातली ऊब जमिनीत उतरत राहते. त्यात ओल आली तर विचारायलाच नको, कारण पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. जो थर भार वाहतो, त्याची ऊब सर्वांत आधी जाते. हे वाक्य विज्ञानाचे आहे. पुढे ते इतिहासाचेही ठरेल.

या नियमाचा सर्वांत नेमका अनुभव अलीकडच्या हौशी भटक्यांना येतो. जव्हारचा दाभोसा धबधबा, मोखाड्याकडील सूर्यमाळ आणि खोडाळा या परिसरात मुंबई-नाशिककडची तरुण मंडळी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात येतात. त्यांतील काहीजण तंबूऐवजी दोन झाडांना बांधलेल्या कापडी झोळीत, म्हणजे हॅमॉकमध्ये, निजतात. हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरील तायनो लोकांचा. कोलंबसाने १४९२ साली तेथील लोकांना जाळीच्या टांगत्या बिछान्यांत निजताना पाहिले आणि तो शब्द स्पॅनिशमार्गे युरोपात गेला. १५९७ मध्ये इंग्रजी आरमाराने खलाशांसाठी हे टांगते बिछाने स्वीकारले. उष्ण बेटांवर जन्मलेली ही वस्तू थंड मुलखात नेली की तिचा दोष उघड होतो. झोळीत निजणाऱ्याच्या पाठीखाली जमीन नसते, वारा असतो. अंगाखाली जाड दुलई घेतली तरी ती वजनाने चेपते आणि पाठ गारठते.

यावर काढलेला उपाय मोठा बुद्धीचा आहे. दुलई झोळीच्या आत न घालता झोळीच्या बाहेर, तिच्या पोटाखाली, सैलसर टांगायची. तिला इंग्रजीत अंडरक्विल्ट म्हणतात. तिच्यावर वजन पडत नाही, ती फुगलेली राहते आणि खालची थंडी अडवते. मग ऋतूनुसार तिचे भरण निवडायचे. उन्हाळ्यात पातळ किंवा मुळीच नको. कडाक्याच्या पण कोरड्या थंडीत पिसांचे, कारण वजनाच्या मानाने सर्वाधिक हवा पिसे धरतात. पावसाळ्यात मात्र कृत्रिम तंतूंचे, कारण भिजलेली पिसे गोळा होऊन निरुपयोगी होतात.

निवडायचे, हे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. ज्या डोंगरांत ही मंडळी आज निवड करतात, तेथील रहिवाशांनीही शतकानुशतके ऋतूनुसार अंगाखालचा थर बदलला. पण त्यांच्या बाबतीत निवडणे हे क्रियापद फारसे लागू पडत नाही.

चार महिने, चार महिने, चार महिने

जव्हार हे महादेव कोळी मुकणे घराण्याचे संस्थान. चौदाव्या शतकात स्थापन झालेले हे राज्य १९४८ साली विलीन झाले. शेजारचा मोखाडा मात्र इंग्रजी मुलखात, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून होता. हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात आले. राजवटी निरनिराळ्या असल्या तरी डोंगर, पाऊस आणि माणसे एकच : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. वर्षाचा पाऊस सर्वसाधारणपणे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे किनाऱ्यावर ज्या थंडीला लोक गुलाबी म्हणतात, ती येथे बोचरी होते. आणि पावसाळा हाही येथे थंडीचाच एक ऋतू असतो.

पावसाळ्यात शत्रू असतो तो ओल. कारवीच्या कुडाचे, शेणमातीने लिंपलेले घर वरून गळत नसले तरी जमिनीतून पाझरते. या दिवसांत खाली काय घालावे यापेक्षा जमिनीपासून दूर कसे राहावे हा प्रश्न असतो. ज्याच्याकडे बाज असेल तो बाजेवर निजतो. नाहीतर चुलीभोवतीची जागा हीच घरातील कोरडी जागा. घोंगडी असलीच तर ती दिवसा खोळ करून डोक्यावर आणि रात्री अंगाखाली. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश ओल पोटात घेऊनही ऊब देत राहते; कापूस ते करू शकत नाही. पावसाळी झोळीखाली पिसे नकोत, असे आजचा भटक्या म्हणतो, त्यामागचे तत्त्व हेच.

भात, नागली, वरई पिकू लागली की राखणीचे दिवस येतात. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतात चार खांबांवर माळा बांधून त्यावर रात्र काढायची. माळ्यावर निजणे आणि झोळीत निजणे यांत तत्त्वतः फरक नाही. दोहोंच्या खालून वारा वाहतो. माळ्याच्या काटक्यांवर गवत आणि पाला यांचा थर दिल्याशिवाय तेथे पाठ टेकवत नाही.

झोडपणी झाली की पेंढा येतो, आणि पेंढ्याबरोबर खरे अंथरूण येते. भाताची काडी पोकळ असते. चेपली तरी ती पूर्ण सपाट होत नाही. नळीत हवा उरते. भार सोसूनही थोडी ऊब राखणारे याहून स्वस्त भरण निसर्गाने केलेले नाही. वीतभर जाडीचा पेंढा, त्यावर एखादे फाटके कापड, आणि पायथ्याशी शेकोटी, ही पौषातली व्यवस्था. उन्हाळ्यात हा प्रश्न संपतो. सारवलेले अंगण आणि उघडे आकाश पुरते.

पण थंडीचे चार महिने सगळेजण घरी असतात कुठे? दिवाळी झाली की या तालुक्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि होळीनंतर किंवा पावसाच्या तोंडावर परततात. पेंढा ज्या ऋतूत घरात येतो, त्याच ऋतूत माणसे घराबाहेर असतात. भट्टीजवळ कच्च्या विटांच्या आणि गवताच्या कोपीत जमिनीवर निजायचे, म्हणजे अंथरुणाचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडायचा.

पेंढा कुणाचा, पाला कुणाचा

त्या विद्यार्थ्याच्या उत्तरातला दुसरा भाग आम्हांला उशिरा कळला. ‘बैलांनी ठेवला तर’ हा विनोद नव्हता, तो एका घरचा ताळेबंद होता. पेंढ्यावर तिघांचा हक्क असतो : गोठ्याचा, छपराचा आणि अंथरुणाचा. बैल उपाशी राहिला तर पुढच्या वर्षी शेत नाही. छप्पर उघडे राहिले तर पावसाळ्यात घर नाही. माणसाच्या पाठीचा क्रम तिसरा लागतो, कारण पाठ तक्रार करीत असली तरी काम थांबवीत नाही.

मग पाला का नाही? डोंगरात पाला मुबलक असणार, असे शहरी माणसाला वाटते. पण येथील भातशेती राबावर चालते. पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या, गवत आणि शेण रोपाच्या वाफ्यावर पसरून जाळायचे आणि त्या राखेत भात पेरायचे, ही राबाची पद्धत. म्हणजे पाला हा आधी शेताचा. इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावर सरकारी पकड घट्ट झाली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून ओरड उठली ती मुख्यतः या राबासाठीच. त्या तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्या वादात राबाचे नाव आले, सरपणाचे आले, शेतकऱ्यांच्या हक्कांचे आले. अंथरुणाचे नाव येण्याचे कारणच नव्हते; पाल्याच्या हिशेबात ते नेहमी शेवटी उरणाऱ्या ओंजळीएवढेच होते. पण सरपणावर बंधन आले की शेकोटी लहान होते, आणि शेकोटी लहान झाली की अंथरूण जाड लागते. जंगलाचा कायदा असा थेट माणसाच्या पाठीपर्यंत येऊन पोहोचतो.

गवताची कथा याहून कडवट आहे. शेजारच्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत गवत हा जमीनदारांचा आणि व्यापाऱ्यांचा मोठा धंदा होता. वारली ते कापीत, गंजी रचीत, आणि ते मुंबईच्या बाजारात जाई. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने, वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी संप केला तो गवतकापणीच्या दरासाठी : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि माणसे मेली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे या लढ्याचे पुस्तक १९७० साली आले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण ते राजकीय आत्मकथन म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण एक साधी गोष्ट नजरेतून निसटते. जे लोक दुसऱ्यांच्या जनावरांसाठी पाचशे-पाचशे पौंडांच्या हिशेबाने गवत कापत होते, त्यांच्या स्वतःच्या पाठीखाली गवताचा पुरेसा थर असेलच, अशी खात्री देता येत नव्हती.

उरली घोंगडी आणि गोधडी. घोंगडी धनगरांच्या मेंढरांच्या लोकरीची, आणि ही मेंढरे देशावरची. कोकणचा पाऊस त्यांना सोसत नाही. पावसाळा सरल्यावर ती खाली उतरतात आणि पावसाआधी परत घाट चढतात. लोकर पिंजायची, सूत काढायचे, खड्ड्याच्या मागावर विणायचे, चिंचोक्याची खळ लावायची, असा घोंगडीचा व्याप. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला ती विकतच घ्यावी लागे, आणि विकत घ्यायची तर हाती रोकड हवी. वेठीवर राबणाऱ्याच्या हाती रोकड नसते.

आता गोधडी. तिला ‘चिंध्यांची’ म्हणून आपण गरिबाघरची ठरवली. पण चिंधी ही उगीच जन्मत नाही. एक लुगडे अंगावर, दुसरे दांडीवर आणि तिसरे फाटून बाजूला पडलेले असेल, तेव्हा कुठे गोधडीचा पहिला थर मिळतो. अशी चार-सहा लुगडी साठायला काही वर्षे जातात. म्हणजे गोधडी हे थोड्याशा शिल्लकीचे वस्त्र आहे. ज्या पुरुषाला एक लंगोटी आणि ज्या बाईला गुडघ्यापर्यंतचे एकच लुगडे होते, तिथे फाटलेले कापड बाजूला पडत नाही. ते अंगावरच संपते. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा तर शहरातल्या मध्यमवर्गालाही कापड दुर्मीळ झाले. अशा काळात डोंगरातल्या घरी गोधडी कोठून शिवली जाणार?

आमच्या फळ्यावरचे वाक्य असे चुकले होते. गोधडी दारिद्र्याची खूण आहे खरी, पण ती दारिद्र्याच्या वरच्या पायरीवरची. आपल्या ललितगद्याने ती पायरी शेवटची मानली आणि तिच्याखालची माणसे वाङ्मयाच्या अंथरुणाबाहेर राहिली.

झोळी

या मुलखात झोळीत निजणारी माणसे पूर्वीपासून आहेत. ती अगदी लहान असतात, इतकेच. आढ्याला किंवा झाडाच्या फांदीला लुगडे बांधून केलेली झोळी हा तान्ह्या मुलाचा पाळणा. शेताच्या बांधावर, वीटभट्टीच्या कोपीत, सगळीकडे ती सोबत जाते. हॅमॉकबद्दल जे सांगितले ते सारे या झोळीलाही लागू आहे : खालून वारा, अंगाच्या वजनाने ताणलेले एकेरी कापड, आणि त्यातून निसटणारी ऊब. जाणती बाई झोळीत आधी कापडाची घडी घालते, मग मूल ठेवते. घडीसाठी कापड असेल तर.

नवजात बालकाची कातडी त्याच्या वजनाच्या मानाने मोठी असते, त्यामुळे त्याच्या अंगातून उष्णता झपाट्याने जाते. मूल कमी वजनाचे असेल तर कातडीखाली चरबीचा थरही नसतो. म्हणजे निसर्गाने दिलेले अस्तरच नाही. आईला पुरेसे अन्न मिळाले नाही तर मूल या अस्तराविना जन्मते, आणि जन्मल्यावर त्याला कापडाचे अस्तरही मिळत नाही. कुपोषण आणि थंडी यांची गाठ येथे पडते. १९९२ च्या पावसाळ्यात जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभरावर मुले दगावली, तेव्हा महाराष्ट्राला हा तालुका नकाशावर सापडला. मुख्य कारण भूक आणि तिच्या पाठोपाठ आलेले आजार हेच होते. त्याबद्दल दुमत नको. पण भुकेने कोरडे पडलेले शरीर पावसाळी ओलीत ऊब धरू शकत नाही, हेही त्याच कारणाचे दुसरे अंग आहे. २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंनी तीच बातमी पुन्हा आणली.

जुन्या लोकाचाराला हे ठाऊक होते. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, त्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग टाकून शेक-धुरी द्यायची, ही रीत महाराष्ट्रभर होती. धुराचे तोटे आज आपण जाणतो. पण ऊब खालून पोहोचवावी, हे त्या रीतीमागचे शहाणपण नाकारता येत नाही. मात्र तिथेही बाज लागते. बाज नसेल तर चुलीजवळची जमीन.

आधुनिक वैद्यकाने हे शहाणपण निराळ्या वाटेने मिळवले. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तीच ‘कांगारू’ पद्धत. आईच्या देहाइतके चांगले अंथरूण नाही, असा त्या पद्धतीचा सारांश सांगता येईल. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले. मूल कोरडे करणे, गुंडाळणे, अशक्त बालकाला उबदार पिशवीत ठेवणे हा त्या कामाचा एक भाग होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले. प्रतिजैविके, श्वास कोंडलेल्या बाळावरचे तातडीचे उपचार, प्रशिक्षण या सर्वांचे ते श्रेय आहे. त्यात एका पिशवीचाही वाटा आहे, हे साहित्याच्या माणसाने विसरू नये.

झोळीचा आणखी एक उपयोग या तालुक्यांत आजही संपलेला नाही. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून, दोघांच्या खांद्यांवरून, डांबरी सडकेपर्यंत आणायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर सातव्या महिन्यातच जन्मलेली जुळी मुले दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या त्यांच्या आईला पावसात सुमारे तीन किलोमीटर झोळीतून न्यावे लागले. वर्तमानपत्रांत ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्या झोळीखाली कोणतीही दुलई नव्हती.

पुन्हा फळ्याकडे

या साऱ्यावरून भटक्या तरुणांना दोष द्यावा, असा आमचा हेतू नाही. डोंगरात निजण्याची हौस चांगलीच आहे. आणि पाठीला थंडी वाजल्यावाचून ती खालून येते हे कळत नाही. शहरातला एखादा मुलगा सूर्यमाळेवर डिसेंबरच्या रात्री झोळीत कुडकुडला आणि पहाटे शेजारच्या घरातल्या पेंढ्यावर त्याला झोप लागली, तर अंथरुणाविषयी तो आमच्यापेक्षा अधिक शिकला असे म्हणावे लागेल.

दोष असलाच तर तो आपल्या वाचनाचा आहे. दारिद्र्याचे वर्णन वाचताना आपण अंगावरचे ठिगळ मोजतो, अंगाखाली काय आहे ते पाहत नाही. ग्रामीण आणि दलित साहित्याने आपली नजर पुष्कळ खाली आणली, यात शंका नाही. तरीही समीक्षेची उपकरणे अजून पांघरुणाचीच आहेत. माया, ऊब, ठिगळ, धागा या प्रतिमा आपल्याला चटकन सापडतात, कारण त्या वर असतात आणि हलक्या असतात. भार वाहणारा थर चेपलेला असतो, त्याची प्रतिमा होत नाही. पेंढ्यावर निबंध लिहून घ्यायला सांगितले तर आपल्यापैकी किती शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासता येतील?

गोधडीवरचा तो उतारा आम्ही आजही शिकवतो, कारण तो चांगला उतारा आहे. फक्त फळ्यावर प्रतीकाचे वाक्य लिहिण्याआधी वर्गाला एक प्रश्न विचारतो : तुमच्या घरी थंडीच्या दिवसांत खाली काय अंथरीत? सतरंजी, चटई, गादी, पोते, घोंगडी, ताडपत्री, पेंढा अशी उत्तरे येतात. काहीजण गप्प राहतात. त्यांना आम्ही आग्रह करीत नाही. पण उत्तरांची यादी फळ्यावर लिहून झाली की वर्गाला गोधडीची जागा आपोआप दिसते. ती यादीच्या तळाशी नसते, मध्यावर कुठेतरी असते.

तो विद्यार्थी पुढे पदवीधर झाला आणि आता आपल्याच तालुक्यात शिकवतो. मध्यंतरी भेटला तेव्हा आम्ही त्याला त्या तासाची आठवण दिली. त्याला ती नव्हती. “पण सर,” तो म्हणाला, “आता आमच्या आईने गोधडी शिवली. दोन वर्षे लागली लुगडी साठायला.”

आम्ही विचारले, ती पांघरता की अंथरता?

तो म्हणाला, “बहिणीच्या बाळाच्या झोळीत घालतो.”